४२ डिग्रीत कुंची

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. रिलीज होता, त्यामुळे शनिवार-रविवार म्हणजे काय हेच विसरलो होतो. असो.

परवा ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एका सहकाऱ्याने जाहीर केलं की तो आता रोज सकाळी बादलीत बर्फ टाकून आंघोळ करतो. कारण काय, तर त्याने ब्राऊन फॅट ॲक्टिव्हेट होतं आणि बसल्या बसल्या कॅलरीज जळतात. ताबडतोब चार जणांनी फोन काढून शोधाशोध सुरू केली. एकाने तर त्याच्या गोळ्याही मिळतात का ते पाहिलं. मी शेंगाचटणी-भाकरी खात गप्प बसलो. (सोलापूरचा माणूस शेंगाचटणी खाताना सहसा गप्प बसत नाही, म्हणून दोघांनी विचारलंही, "बरं नाही का?") पण मला बोलवेना. ब्राऊन फॅट हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते दोन वर्षांपूर्वी सोलापुरात, मे महिन्यात. आणि ते आठवलं की मला आधी एसीचा रिमोट आठवतो.

ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. तारीख जूनची होती, पण मेच्या मध्यावर तिला दाखल करावं लागलं. मी पुण्याहून रेल्वेने निघालो. सोलापूर स्टेशनवर उतरलो तर संध्याकाळीसुद्धा प्लॅटफॉर्म तव्यासारखा तापलेला. पारा ४२ वर होता. दुसऱ्या दिवशी सिझेरियन झालं, मुलगा, २ किलो १०० ग्रॅम. बाळाला पुसून, लगेच आंघोळ घालून, एका पातळ कपड्यात गुंडाळून बाहेर आणलं, कारण बाहेर आम्ही अकरा नातेवाईक बघायला रांगेत उभे. तेव्हा त्यात कुणालाच काही खटकलं नाही. चकचकीत स्वच्छ बाळ, सगळ्यांनी फोटो काढले.

स्पेशल रूम घेतली होती. मी घामाने निथळत होतो. रिमोट हातात आला तसा मी एसी २० वर लावला. आजीने पिशवीतून जुन्या नऊवारीची धुऊन-धुऊन मऊ झालेली दुपटी, एक टोपडं आणि कुंची काढली. मी हसलोच. म्हटलं, "आजी, ४२ डिग्रीत कुंची? बाळ भाजून निघेल की."

आजी म्हणाली, "४२ बाहेर हाय. आत किती हाय ते बघ की जरा."

मी बघितलं नाही. मी इंजिनिअर, आजी चौथी शिकलेली. कुंची बाजूला राहिली.

संध्याकाळी सिस्टरने बाळाच्या पायाला हात लावला आणि तिचा चेहराच बदलला. पाय गार होते, पोटही कोमट म्हणावं असंच होतं. बाळ दूध ओढत नव्हतं. "शांत झोपलंय, किती गुणी आहे" असं आम्ही दुपारभर एकमेकांना सांगत होतो ते बाळ मुळात शांत नव्हतंच, ते मलूल होतं. थर्मामीटरवर ३५.२. रक्तातली साखर तपासली, तीही कमी निघाली. मग एनआयसीयू, वॉर्मर, सलाईन, आणि काचेबाहेर तीन दिवस आम्ही. चौथ्या दिवशी भाचा परत आला. आता तो घरभर पळतो, तेव्हा काळजी नको. पण तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मला सहज एक वाक्य सांगितलं होतं ते अजून जात नाही. मी विचारलं होतं, थंडी वाजत होती तर बाळ कुडकुडलं का नाही? कळलं तरी असतं आम्हाला. ते म्हणाले, "त्याला कुडकुडता येत नाही. त्याची शेगडी पाठीत असते, आणि तिचं रॉकेल संपत आलं होतं."

त्या तीन दिवसांत काचेबाहेर बसून, आणि नंतर बरेच वीकेंड, मी या शेगडीबद्दल मिळेल ते वाचलं. मी डॉक्टर नाही, पण मॅन्युअल वाचायची सवय आहे. तर त्यातलं जे मला समजलं ते असं.

आपण ज्याला चरबी म्हणतो ती पांढरी चरबी. एकेका पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब, बाकी सगळं कडेला ढकललेलं. ती निव्वळ कोठी. तपकिरी चरबीची पेशी अगदी वेगळी दिसते. तेलाचे बारीक बारीक अनेक थेंब, आणि मध्ये खचाखच भरलेल्या मायटोकॉन्ड्रिया. त्यांच्यातल्या लोहामुळे तपकिरी रंग. शिवाय रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचं दाट जाळं. १५५१ साली कॉनराड गेसनर नावाच्या स्विस निसर्गअभ्यासकाने मार्मोट या प्राण्याच्या पाठीत हा ऊतक पाहिला तेव्हा त्याला ही चरबी म्हणावी की मांस ते ठरवता आलं नव्हतं. त्याची शंका फार चुकीची नव्हती, कारण २००८ मध्ये बोस्टनच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की पाठीतल्या तपकिरी पेशी आणि स्नायूंच्या पेशी एकाच पूर्वज पेशींतून येतात. पीआरडीएम-१६ नावाचा एक स्विच आहे. तो बंद केला की तपकिरी होऊ घातलेली पेशी स्नायूची व्हायला लागते. म्हणजे ही पांढऱ्या चरबीपेक्षा स्नायूला जवळची.

आता ही पेशी गरम कशी होते? सोलापूरकरांना हे उजनी धरणावरून पटकन कळेल. नेहमीच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया अन्न जाळून प्रोटॉन एका बाजूला साठवतात, जसं भिंतीमागे पाणी साठतं. मग ते प्रोटॉन टर्बाईनमधून खाली सोडायचे आणि त्यावर एटीपी तयार करायचं, म्हणजे शरीराची वीज. तपकिरी पेशीत मात्र भिंतीला आणखी एक दार आहे. त्याचं नाव यूसीपी-१. थंडी वाजली की मेंदू मज्जातंतूंमार्फत नॉरॲड्रेनलीन सोडतो, पेशीतली चरबी फुटते, आणि त्या फुटलेल्या चरबीनेच हे दार उघडतं. पाणी टर्बाईनला बगल देऊन धो धो खाली. वीज शून्य, सगळी ऊर्जा उष्णता. इंजिनिअरच्या नजरेला हा चक्क मेमरी लीक वाटतो, पण हाच त्याचा एकमेव फीचर आहे.

नवजात बाळात ही चरबी दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये, मानेत, काखेत, मूत्रपिंडांभोवती आणि मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेने असते. जागा बघा. जिथून रक्त मेंदूकडे आणि पोटातल्या महत्त्वाच्या अवयवांकडे जातं तिथेच हीटर बसवलाय. १९६४ मध्ये ऑक्सफर्डला डॉकिन्स आणि हल या दोघांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की गार हवेत पिल्लाची बहुतेक जादा उष्णता इथूनच येते. त्याच हल यांनी पुढे एका सहकाऱ्याबरोबर मानवी बाळांचा अभ्यास केला. गारठून दगावलेल्या बाळांत या पेशींतली चरबी जळून संपलेली दिसली. डॉक्टरांचं "रॉकेल संपत आलं होतं" हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते या हीटरच्या वेळापत्रकाने. तो कधी बनतो, कधी चालू होतो, कधी मोडीत निघतो, हे प्रत्येक प्राण्यात वेगळं आहे.

सांगोल्याकडे धनगरांच्या कळपात कोकरू जन्मलं की थोड्याच वेळात उभं राहतं आणि आईमागे उघड्या माळावर चालायला लागतं. त्याची तपकिरी चरबी जन्माच्या दिवशी पूर्ण तयार असते, मूत्रपिंडांभोवती भरपूर. आणि मग काही आठवड्यांत यूसीपी-१ जवळजवळ नाहीसं होतं. तीच चरबी पांढरी होते. छोटे थेंब मिळून मोठा थेंब, मायटोकॉन्ड्रिया कमी. हीटरची कोठी झाली.

उंदराचं पिल्लू उलट. उघडं, आंधळं, पण घरट्यात आठ-दहा भावंडांच्या ढिगाऱ्यात. त्याच्याकडे जन्मताना थोडीच तयारी असते, आणि खरं काम जन्मानंतर वाढतं. थंडी लागेल तसे नवीन पेशी, नवीन मायटोकॉन्ड्रिया. हॅमस्टर आणखी उशिरा. त्याच्या पिल्लाकडे पहिले जवळपास दोन आठवडे ही सोयच नसते, ते आईच्या उबेवरच जगतं. आणि डुक्कर! त्याच्या पूर्वजांत सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी यूसीपी-१ चा जीनच बिघडला. कोड अजून फाईलमध्ये पडून आहे, पण चालत नाही. म्हणून डुकराची पिल्लं जन्मल्या जन्मल्या कुडकुडतात, आणि रानडुकरीण विण्याआधी पालापाचोळा गोळा करून घरटं करते. खुरांच्या प्राण्यांत अशी घरटं करणारी आई विरळाच. हीटर गेला, तर आईने घर बांधलं.

आणि माणसाचं बाळ? माझ्या मते ते या सगळ्यांचं अडचणीचं मिश्रण आहे. दिवस पूर्ण भरलेल्या बाळाकडे कोकरासारखी तयार चरबी असते. पण चालणं सोडा, ते अंगावरचं दुपटंसुद्धा ओढून घेऊ शकत नाही. म्हणजे सोय कोकराची आणि असहायता उंदराच्या पिल्लाची. शिवाय हा साठा भरतो मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. लवकर आलेल्या बाळाची टाकी अर्धीच भरलेली असते, कातडी पातळ असते, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग जास्त, म्हणजे उष्णता निसटायला जागा जास्त.

पोटात असताना हा हीटर बंद असतो. तिथे तो लागतच नाही, बाळ आईपेक्षा साधारण अर्धा डिग्री गरमच असतं. मेंढ्यांच्या गर्भावरच्या प्रयोगांतून असं दिसतं की वारेतून येणारे काही पदार्थ त्याला मुद्दाम दाबून ठेवतात. नाळ कापली की तो दाब उठतो, त्यात बाहेरच्या गार हवेचा झटका, की पहिल्यांदा स्टार्ट. ओलं बाळ तसंच ठेवलं तर पहिल्या काही मिनिटांतच त्याचं तापमान दोन-चार डिग्रीने उतरू शकतं, म्हणून हा स्टार्ट वेळेवर व्हावाच लागतो. हे चालायला लागतो ऑक्सिजन आणि लागते साखर. ज्या बाळाला श्वासाचा त्रास आहे त्याचा हीटर मंद पडतो. जे गारठतं त्याची साखर आणि ऑक्सिजन हीटरमध्येच खर्ची पडतात, मग ते दूध ओढत नाही, मग इंधन आणखी कमी. एकदा या लूपमध्ये अडकलं की ते आपलं आपण बाहेर येत नाही. माझा भाचा त्या दुपारी या लूपमध्ये होता, आणि आम्ही फोटो पाठवत होतो.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे, आणि विशेषतः सोलापूरसारख्या गावात, गारठा हा नवजात बाळाचा धोका आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आमच्याकडे बोलायचे विषय म्हणजे ऊन, पाणी आणि पुन्हा ऊन. थंडी म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतले जानेवारीचे चार दिवस. पण ओल्या नवजात बाळासाठी थंडी ऋतूवर नाही, खोलीवर ठरते. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीची खोली २५ ते २८ डिग्री ठेवा म्हणते. मी ज्या २० डिग्रीत घाम वाळवत होतो तो बाळासाठी पौषातला उघडा माळ होता. आणि गंमत बघा, एसी जितके वाढतायत तितका हा प्रकार उन्हाळ्यातच जास्त व्हायची शक्यता. आपण गरिबाघरच्या बाळाची काळजी करतो, पण स्पेशल रूम घेणारा, रिमोट हातात असणारा, माझ्यासारखा शहाणा मामा हाही धोकाच आहे.

दुसरी गोष्ट पहिली आंघोळ. बाळाच्या अंगावरचा तो पांढरा चिकट थर म्हणजे घाण, आणि नातेवाइकांसमोर बाळ धुऊन आणायचं, ही आपली घट्ट समजूत. आंघोळ निदान २४ तास तरी लांबवा अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट शिफारस आहे. करायचं ते इतकंच की बाळ लगेच कोरडं करायचं, ओला टॉवेल फेकून दुसरा कोरडा घ्यायचा, टोपडं घालायचं आणि बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. यातलं कशालाही मशीन लागत नाही. मला तर याची लाजच वाटते की आमचं गाव टॉवेल आणि चादरी विणून अख्ख्या देशाला पुरवतं, आणि आमच्याच बाळासाठी दुसरा कोरडा टॉवेल कुणाला सुचला नाही.

ही काही परदेशातून आलेली श्रीमंती कल्पना नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९५ ते ९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर होता, वजनकाटा होता आणि बाळाला घालायची उबदार पिशवीही होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी. अर्थात ते एकट्या उबेचं श्रेय नव्हे, जंतुसंसर्गावरचं इंजेक्शन आणि श्वास सुरू करून देणं हेही त्यात होतं. पण ऊब हा त्या यादीतला भाग होता, शोभेची वस्तू नव्हती. आज आशाताई घरोघरी बाळ तपासायला जातात ती पद्धत यातूनच पुढे आली.

तीच गोष्ट कांगारू पद्धतीची. १९७० च्या दशकाच्या शेवटी बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरेनात म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीला बांधली. तेव्हा तो नाइलाज होता. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत ३,२०० हून अधिक कमी वजनाच्या बाळांवर झालेल्या अभ्यासात जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर ठेवलेल्या बाळांचे मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण दुसऱ्या गटाला हे नाकारणं बरोबर दिसेना. आईचं अंग हा थर्मोस्टॅट आहे. त्यापुढे बाळाला स्वतःची चरबी जाळावी लागत नाही, ती वाढीसाठी शिल्लक राहते.

आपल्या बाळांना हे जास्त लागू का, तर पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम बघा. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं त्यांनी मोजली. सरासरी वजन इथे २.७ किलो, तिथे ३.५. आपलं बाळ सगळ्या मापांत लहान, पण खांद्याच्या पात्याखालची चरबीची घडी त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक पण चरबीदार बाळ. मात्र ती कातडीखालची घडी पांढऱ्या चरबीची असते, हे लक्षात ठेवलेलं बरं. ती बघून "आपल्या बाळांकडे चरबी आहे, म्हणजे ऊब आहे" असं म्हणता येत नाही. तराजू सांगतो तो मुद्दा साधा आहे. अडीच-पावणेतीन किलोच्या बाळाकडे चुकायला जागा कमी.

आता आजीची बाजू पूर्ण बरोबर असं मी म्हणत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, खिडक्या बंद, खाली शेगडीची धग, आणि बाळाला तीन दुपट्यांत आवळून कुंची, हेही मी बघितलंय. तिथे बाळ तापतं, पाणी कमी पडतं, आणि तेही धोक्याचं आहे. बाळाला घामाने स्वतःला गार करणंही धड जमत नाही. म्हणून परंपरा की विज्ञान हा वाद मला इथे फालतू वाटतो. आजीने त्या दिवशी परंपरा सांगितली नव्हती, तिने खोलीचं तापमान बघायला सांगितलं होतं. विज्ञान तिच्या बाजूला होतं आणि मी नुसता उकडतंय म्हणून बोलत होतो. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये हवं. थर्मामीटर नसेल तर हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि तळपाय बघायचे. दोन्ही उबदार, तर ठीक. पोट गरम पण पाय गार, म्हणजे बाळ उष्णतेसाठी झगडतंय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, तर छातीशी धरूनच थेट डॉक्टरांकडे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर... जाऊ दे.

राहिला आमचा बर्फवाला. त्याच्यावर मी उगाच चिडलो, हे कबूल. १९७२ मध्ये हीटन यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या शवविच्छेदनांतून दाखवलं होतं की पाठीतली तपकिरी चरबी साधारण दहा वर्षांपर्यंत असते आणि मग ओसरत जाते. मान, मूत्रपिंड अशा खोल जागी मात्र ती टिकून राहते. मोठ्यांच्या बाबतीत हे जवळपास विसरलं गेलं, ते २००९ मध्ये पुन्हा वर आलं. कॅन्सरसाठी काढलेल्या पेट स्कॅनमध्ये मानेच्या खाली चमकणारे भाग दिसायचे, ती ही चरबी. त्या वर्षीच्या एका अभ्यासात ७.५ टक्के बायकांत आणि ३.१ टक्के पुरुषांत ती सापडली, आणि मुद्दाम गारठवून बघितलं की आणखी कितीतरी जणांत दिसते. २०२१ च्या पन्नास हजारांहून जास्त रुग्णांच्या पाहणीत ज्यांच्यात ती दिसली त्यांच्यात मधुमेह कमी आढळला. म्हणजे विषय भाकड नाही. पण कमी आढळणं म्हणजे तिच्यामुळे कमी होणं असं नाही, हे डेटाशी खेळणाऱ्यांना मी काय सांगायचं!

भारतीयांचं म्हणाल तर नेदरलँड्समध्येच दोन छोटे अभ्यास झाले. २०१४ च्या एकात मूळ दक्षिण आशियाई सडपातळ तरुणांत ही चरबी गोऱ्यांपेक्षा ३४ टक्के कमी निघाली. पण दोन्ही गटांत माणसं होती बारा-बारा. त्याआधी २०१३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या अभ्यासात फरक दिसला नव्हता. बारा माणसांवरून "इंडियन बॉडी"चे लेख लिहिणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. मला एवढंच दिसतं की निसर्गाने हा हीटर ज्या कामासाठी बांधला ते काम पहिल्या काही दिवसांचं आहे. तिथे त्याच्यावर जीव अवलंबून असतो. आपल्या वयात त्याचे थोडे निखारे उरलेत, त्यांवर फुंकर घालून पोट कमी होईल या आशेने आपण लेख वाचतो, आणि जिथे तो पेटता राहायला पाहिजे त्या खोलीत एसी २० वर लावतो.

काल मामेभावाचा फोन आला होता. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत, एप्रिलमध्ये, सोलापुरातच. मी त्याला अर्धा तास पिडलं. डॉक्टरांना आधीच विचार, आंघोळ दुसऱ्या दिवशी म्हणून सांग, दोन कोरडे टॉवेल, टोपडं, डिजिटल थर्मामीटर, आणि वहिनीला बरं असेल तर बाळ तिच्या छातीवर, नाहीतर तुझ्या. शर्ट काढून बसायचं, लाजायचं नाही. तो म्हणाला, "अरे दादा, तू पण ये की तेव्हा." मी हो म्हणालो. फोन स्पीकरवर होता, मागून ताईचा आवाज आला, "येऊ दे. फक्त रिमोट आजीकडे द्या."